गेलेनच्या नावाची शीर

पुण्याहून मुळशीमार्गे कोकणात उतरणारी वाट ताम्हिणीच्या घाटातून जाते. ताम्हिणी हे मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकाचे, सह्याद्रीच्या माथ्यावरचे गाव. महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस झेलणाऱ्या ठिकाणांत त्याची गणना होते. या माथ्याच्या पूर्वेस, मुळशीच्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसाला निसर्गाने नेमून दिलेली वाट पूर्वेची आहे. मुळा नदी ते पाणी पुण्याकडे नेते, पुढे ते भीमेला मिळते, भीमा कृष्णेला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरात त्याचा प्रवास संपतो. या लांबच्या प्रवासात ते ओढ्यापाटांतून, विहिरींतून, शेतांच्या मातीतून झिरपत जाते. त्याच्या संथपणावरच काठची वस्ती जगते.

१९२७ साली या पाण्याची दिशा बदलली. टाटा कंपनीने मुळशीला बांधलेले धरण पुरे झाले. या धरणात बुडणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, तो इतिहास वाचकांना परिचित आहे. अडवलेले पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे वळवून, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या भिरा येथील वीजकेंद्रावर सुमारे पाचशे मीटर उंचीवरून सोडण्यात आले. जे पाणी शेकडो कोस रमतगमत गेले असते, ते आता एका झेपेत कोकणात उतरते. त्याचा दाब सोसण्यासाठी पोलादी नळ घालावे लागले. साध्या पाटात ते पाणी सोडले असते, तर पाट आणि भोवतालची शेते दोन्ही वाहून गेली असती.

धरणाचा इतिहास सांगणे हा आमचा हेतू नाही. बालकाच्या मेंदूतील एका विरळ दोषाचा इतिहास आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहोत. तो समजून घ्यायला मुळशीच्या या पाण्याइतका जवळचा दाखला आम्हाला दुसरा सापडला नाही.

आडमार्गाने जाणारे रक्त

हृदय रक्त जोराने ढकलते आणि धमन्या ते शरीरभर नेतात. धमन्यांना फाटे फुटत फुटत शेवटी केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांचे जाळे तयार होते. तेथे रक्ताचा वेग ओसरतो, पेशींना प्राणवायू मिळतो आणि मग ते शांतपणे शिरांत जमा होऊन हृदयाकडे परतते. म्हणूनच धमनीची भिंत जाड असते आणि शिरेची पातळ. शिरेला दाब सोसण्याची कधी वेळच येत नाही.

काही थोड्या बालकांच्या मेंदूत मात्र मधले हे जाळे चुकवून धमन्या थेट एका मोठ्या शिरेत उघडतात. मेंदूच्या ऐन मध्यभागी असलेली ही शीर धमनीच्या दाबाने फुग्यासारखी फुगते. वैद्यकाच्या भाषेत या दोषाला ‘वेन ऑफ गेलेन माल्फॉर्मेशन’ म्हणतात. साधारण २५,००० जन्मांमागे एक असा अंदाज पूर्वीपासून सांगितला जातो, आणि नव्या अभ्यासांनुसार तो याहूनही विरळ असावा.

आईच्या उदरात असताना हे मूल बहुधा सुखरूप असते. त्या काळात वारेतून रक्त सहज वाहत असते, त्यामुळे मेंदूतील आडमार्गाकडे सगळा ओघ वळत नाही. नाळ कापली जाते आणि तो आधार तुटतो. हृदयातून निघालेल्या रक्तापैकी फार मोठा हिस्सा मेंदूकडे खेचला जातो. अतिगंभीर बालकांत तो ८० टक्क्यांपर्यंत जातो. इवलेसे हृदय हा बोजा पेलू शकत नाही. मुलाला धाप लागते, अंगावर घेताना ते मध्येच थांबते, घामाघूम होते. दुखणे मेंदूत आणि खूण छातीत, असा हा प्रकार असल्याने कित्येक पिढ्यांची बालके हृदयाचा आजार म्हणून दगावली.

एक नाव आणि जुन्या चुका

ज्याच्या नावाने ही शीर ओळखली जाते तो गेलेन इ. स. १२९ च्या सुमारास आशिया मायनरमधील पर्गामम येथे जन्मला. योहानाच्या प्रकटीकरणातील सात मंडळ्यांपैकी एक याच नगरातली, म्हणून हे नाव आपल्या कानांना ओळखीचे आहे. आखाड्यात लढणाऱ्या मल्लांवर उपचार करीत तो नावारूपाला आला आणि पुढे रोमच्या सम्राट मार्कस ऑरेलियसचा वैद्य झाला. मानवी शवाचे विच्छेदन त्या काळी होत नसे. गेलेनने माकडे, डुकरे आणि बैल यांची शरीरे उघडून अभ्यास केला. मेंदूतील खोल शिरांचे त्याने केलेले वर्णन इतके चांगले होते की पुढील शरीरशास्त्रज्ञांनी तेथील मोठ्या शिरेला त्याचेच नाव दिले.

परंतु जनावरांवरून माणसाचे अनुमान काढण्याची चूकही त्याच्या हातून झाली. मेंढ्यांच्या व बैलांच्या मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक सुरेख जाळे असते. ते माणसातही आहे असे गेलेनने गृहीत धरले. माणसात असे जाळे नाही. तरीही तेराशेहून अधिक वर्षे ते शिकवले गेले. १५४३ साली आंद्रेआस वेसालियसने आपला महाग्रंथ छापला, त्यात हे जाळे नाकारले. त्याच ग्रंथात त्याने असेही नमूद केले की पूर्वी आपणही विद्यार्थ्यांपुढे जनावराचे डोके ठेवून ते जाळे दाखवीत असू. डोळ्यांना जे दिसत नव्हते ते गुरूच्या शब्दाखातर दाखवले जात होते.

१६२८ साली विल्यम हार्वेने रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला. धमनीतले रक्त शिरेत येते हे त्याने सिद्ध केले, परंतु ते कोणत्या वाटेने येते हे त्याला पाहता आले नाही. ती वाट १६६१ साली बोलोन्याच्या मार्सेल्लो माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. हाच माल्पिगी पुढे पोप इनोसंट बारावे यांचा वैद्य झाला. १६६४ साली टॉमस विलिसने मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या वर्तुळाचे वर्णन केले. ते वर्तुळ आजही त्याच्याच नावाने शिकवले जाते.

स्टेन्सनचे व्याख्यान

याच काळातील एक माणूस आमच्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. निल्स स्टेन्सन, लॅटिनमध्ये स्टेनो, हा १६३८ साली कोपनहेगन येथे लुथरन कुटुंबात जन्मला. लाळेची मुख्य नलिका त्याने शोधली. हृदय हा एक स्नायू आहे हे त्याने दाखवून दिले. खडकांच्या थरांचा अभ्यास करून त्याने भूशास्त्राचा पाया घातला. १६६५ साली पॅरिसमध्ये जाणत्या मंडळींपुढे त्याने मेंदूच्या रचनेवर एक व्याख्यान दिले, ते १६६९ मध्ये छापले गेले. श्रोत्यांना वाटले असेल की हा तरुण पंडित मेंदूची सारी गुपिते उलगडून सांगणार. स्टेन्सनने आरंभीच सांगून टाकले की मेंदूविषयी मला काहीही ठाऊक नाही. मग त्या काळच्या मोठमोठ्या सिद्धांतांची एकेक करून तपासणी केली आणि कोठे प्रत्यक्ष पाहिलेले आहे, कोठे नुसती कल्पना आहे, हे वेगळे करून दाखवले.

१६६७ साली फ्लॉरेन्समध्ये स्टेन्सनने कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारली. १६७५ मध्ये तो धर्मगुरू झाला, १६७७ मध्ये बिशप झाला आणि १६८६ मध्ये उत्तर जर्मनीत अत्यंत गरिबीत निवर्तला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २३ ऑक्टोबर १९८८ रोजी त्याला धन्यवादित म्हणून घोषित केले. या दोषाशी स्टेन्सनचा प्रत्यक्ष संबंध आला नाही. परंतु आपले अज्ञान आधी मान्य करण्याचा जो धडा त्याने घालून दिला, तो वैद्यकाला या बालकांच्या बाबतीत तीनशे वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला.

क्ष-किरणांत दिसलेले जाळे

धमनी थेट शिरेत उघडू शकते ही गोष्ट प्रथम मेंदूत लक्षात आली नाही. अठराव्या शतकात दुखण्यावर उपाय म्हणून कोपराजवळची शीर कापून रक्त काढीत. कधी शस्त्राचे टोक खालच्या धमनीतही शिरे आणि दोहोंमध्ये कायमची वाट पडे. १७५७ साली लंडनच्या विल्यम हंटरने या प्रकाराचे वर्णन केले. त्या जागी हात ठेवला की सूं-सूं असा कंप जाणवे. मेंदूत असेच काही जन्मतः असेल तर ते जिवंतपणी कळण्याचा मात्र मार्ग नव्हता.

तो मार्ग पोर्तुगालमध्ये सापडला. लिस्बनचे एगास मोनिझ यांनी मानेतील धमनीत क्ष-किरणांना न जुमानणारे द्रव्य सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे छायाचित्र घेण्याचा ध्यास घेतला होता. आरंभीचे प्रयत्न फसले, एक रुग्ण दगावला. अखेर २८ जून १९२७ रोजी जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्या प्रथमच स्पष्ट उमटल्या. भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले तेच हे वर्ष. मोनिझ यांना १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते या शोधासाठी नव्हे, तर मनोरुग्णांच्या मेंदूवर केलेल्या एका शस्त्रक्रियेसाठी, आणि ती शस्त्रक्रिया पुढे वैद्यकाने टाकून दिली. त्यांचे खरे देणे म्हणजे ते छायाचित्र.

१९३७ साली अमेरिकेत येगर, फोर्ब्स आणि डँडी यांनी या दोषाच्या एका बालकाची हकीकत सविस्तर प्रसिद्ध केली. १९६४ साली गोल्ड, रॅन्सहॉफ आणि कार्टर यांनी अशा मुलांचे वयानुसार तीन गट पाडले. पहिला गट नवजात बालकांचा. त्यांचे हृदय थकते. दुसरा गट काही महिन्यांच्या मुलांचा. त्यांचे डोके वाजवीपेक्षा वेगाने वाढते. तिसरा त्याहून मोठ्या मुलांचा. त्यांना डोकेदुखी किंवा रक्तस्राव होतो. हृदयाचे आणि मेंदूचे दुखणे एकाच कारणाचे असू शकते हे या मांडणीने सर्वत्र रूढ केले.

निदान झाले, पण उपाय हाती आला नाही. तीन किलो वजनाच्या बालकाच्या अंगात सगळे मिळून जेमतेम पाव लिटर रक्त असते. त्याची कवटी उघडून, मेंदूच्या ऐन गाभ्यापर्यंत जाऊन, सुसाट वाहणाऱ्या धमन्या एकेक करून बांधायच्या, यात अत्यंत निष्णात हातांनाही यश येत नसे. रक्तस्रावातून मूल वाचलेच तर अचानक वळलेल्या दाबाने मेंदू सुजत असे. शस्त्रक्रियेच्या त्या काळात नवजात बालक वाचणे हा अपवाद होता. ज्यांचे डोके वाढत होते त्यांच्या मेंदूतील पाणी नळी घालून पोटात उतरवले जाई. परंतु पाणी साचण्याचे मूळ शिरांमधील वाढलेल्या दाबात होते, आणि तो दाब तसाच राही.

शीर गेलेनची नव्हतीच

या कोंडीतून बाहेर पडण्याची सुरुवात नव्या यंत्राइतकीच एका जुन्या निरीक्षणाने झाली. गर्भाच्या वाढीत, सहाव्या ते अकराव्या आठवड्यांच्या दरम्यान, मेंदूच्या मध्यरेषेवर एक तात्पुरती शीर असते. पोलिश शरीरशास्त्रज्ञ मार्कोव्स्की यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे वर्णन केले होते. खऱ्या शिरा तयार झाल्या की ती मावळते. गेलेनची शीर तिच्या जागी नंतर येते.

१९८९ साली रेबो, स्ट्रॉदर आणि हाल्ड यांनी अनेक मुलांची छायाचित्रे बारकाईने तपासून दाखवून दिले की फुगलेली दिसणारी शीर ही गेलेनची नसून मार्कोव्स्कींची ती तात्पुरती शीर आहे. काम संपल्यावर जी जायला हवी होती, ती आडमार्गाच्या ओघामुळे राहून गेली. दोषाला अर्धशतक भलत्याच शिरेचे नाव मिळाले होते. नाव आजही बदललेले नाही, पण त्यामागचा अर्थ बदलला. ही शीर बहुधा निरोगी मेंदूचे रक्त वाहून नेत नाही, हे कळल्यामुळे तिच्याकडे येणारा ओघ आतून बंद करता येईल अशी आशा निर्माण झाली.

आतून बंद करण्याची विद्या तोवर हळूहळू घडत होती. १९६० साली लुसेनहॉप आणि स्पेन्स यांनी मेंदूतील अशा आडमार्गात धमनीवाटे बारीक गोळ्या सोडून तो बुजवण्याचा पहिला प्रयोग केला. मॉस्कोच्या सर्बिनेन्को यांनी नलिकेच्या टोकाला सुटा होणारा फुगा जोडला. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पिएर लास्ज्योनियास यांनी ही विद्या तान्ह्या मुलांसाठी वाहून घेतली. जांघेतल्या धमनीतून केसासारखी नलिका मेंदूपर्यंत न्यायची आणि गोंदासारखे तत्काळ घट्ट होणारे द्रव्य आडमार्गाच्या तोंडाशी सोडायचे, ही त्यांची पद्धत.

परंतु त्यांचे मोठेपण हातातल्या कसबाइतकेच थांबण्याच्या धैर्यात होते. कोणत्या बालकाला लगेच हात लावायचा, कोणाला औषधांवर ठेवून पाच महिन्यांचे होऊ द्यायचे आणि कोणाच्या मेंदूची हानी इतकी झाली आहे की उपचाराने त्याचे केवळ हाल वाढतील, हे ठरवण्यासाठी त्यांनी २१ गुणांची एक मोजपट्टी तयार केली. आडमार्ग एका बैठकीत पुरता बंद करायचा नाही, टप्प्याटप्प्याने ओघ कमी करायचा आणि मेंदूला सवय होऊ द्यायची, असा त्यांचा दंडक होता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात बिसेत्रमध्ये उपचार झालेल्या २१६ मुलांपैकी २३ दगावली. वाचलेल्या १९३ मुलांपैकी १४३, म्हणजे सुमारे ७४ टक्के, मेंदूच्या दृष्टीने निरोगी वाढली. शस्त्रक्रियेच्या काळाशी तुलना केली म्हणजे या आकड्यांचे मोल कळते. लास्ज्योनियास २००८ साली निवर्तले.

त्यापुढचे पाऊल २०२३ च्या मार्चमध्ये बॉस्टन येथे पडले. ३४ आठवड्यांच्या गर्भावर, आईच्या उदरात असतानाच, डॉ. डॅरेन ऑर्बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपचार केला. नाळ कापल्यावर जो लोंढा येतो तो येण्याआधीच वाट अडवायची, असा त्यामागचा विचार होता.

आपल्या भूमीवर

भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग प्रथम १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चांडी यांनी सुरू केला. माँट्रियलहून शिक्षण घेऊन परतलेल्या या केरळी ख्रिस्ती डॉक्टरच्या पाठोपाठ मद्रास, मुंबई आदी ठिकाणी असे विभाग उभे राहिले. १९२६ साली सुरू झालेल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. उदय लिमये यांच्यासारख्या तज्ज्ञांनी नलिकेवाटे मेंदूच्या वाहिन्यांवर उपचार करण्याची शाखा रुजवली. महापालिकेच्या दवाखान्यात, साध्या घरातल्या माणसाला ही विद्या उपलब्ध झाली, ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही तज्ज्ञ मुंबईत असणे आणि मूल त्यांच्यापर्यंत पोहोचणे यांत अंतर आहे. ताम्हिणीसारख्या घाटमाथ्यावर, आषाढात धुक्याने आणि दरडींनी रस्ता अडलेला असताना, बाळंतिणीच्या घरी पहिल्यांदा पाऊल ठेवते ती आशा कार्यकर्ती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की गावातली शिकवून तयार केलेली स्त्री घरोघर जाऊन नवजात बालकाचा श्वास मोजू शकते, धोक्याची खूण ओळखू शकते आणि त्यामुळे अर्भके वाचतात. त्या अनुभवातूनच घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याची योजना पुढे देशभर गेली. जन्मजात दोष वेळीच शोधण्याचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघर येथूनच सुरू झाला.

या विरळ दोषाचे नाव आशाताईला किंवा आईला ठाऊक असण्याची गरज नाही. खुणा ठाऊक असल्या म्हणजे पुरे. अंगावर पिताना बाळाला धाप लागणे व घाम येणे, कपाळावरच्या व डोक्यावरच्या शिरा ठळक दिसणे, टाळू फुगलेली राहणे, डोक्याचा घेर महिन्यामहिन्याला वाजवीपेक्षा अधिक वाढणे, झटके येणे. आपल्याकडे आजी रोज तेलाने बाळाची टाळू भरते. तिच्या तळव्याखालच्या त्याच मऊ जागेतून डॉक्टर सोनोग्राफीने बाळाच्या मेंदूत डोकावू शकतात. त्यासाठी सुई टोचावी लागत नाही, भूल द्यावी लागत नाही. शंका आली तर ती तपासणी मागण्यात संकोच नसावा.

दोष कोणाचा?

या इतिहासाचा आणखी एक धागा आहे, आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूल व्यंग घेऊन जन्मले की आपल्या घरांत पहिला प्रश्न आईला विचारला जातो. ग्रहणात काय चिरले होते? कोठे गेली होतीस? काय खाल्ले होते? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही प्रभूला असेच विचारले होते, की पाप याचे की याच्या आईवडिलांचे? प्रभूने दोन्ही नाकारले, हे आपण उपासनेत दरवेळी ऐकतो आणि घरी येऊन विसरतो.

गर्भाच्या वाढीचा जो काळ वर सांगितला, त्याच्या आरंभी तर कित्येक स्त्रियांना आपण आई होणार आहोत हेही नुकतेच कळलेले असते. अलीकडच्या संशोधनात यांपैकी काही मुलांमध्ये रक्तवाहिन्या घडवणाऱ्या जनुकांतील बदल आढळले आहेत. अशा कुटुंबांनी पुढच्या मुलाच्या वेळी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा हे योग्यच. पण कोणी काही खाल्ल्याने किंवा ग्रहण पाहिल्याने ही शीर राहून जात नाही.

मेंढीच्या डोक्यातले जाळे माणसाच्या डोक्यात आहे असे विद्वानांनी तेराशे वर्षे सांगितले, कारण तसे आधीच सांगितलेले होते. घराघरांत आईवर जो ठपका ठेवला जातो त्याची जातही तीच आहे. कोणी काही पाहिलेले नसते, पूर्वीपासून म्हणतात म्हणून म्हटले जाते. स्टेन्सनने पॅरिसच्या पंडितांपुढे सांगितले की मला ठाऊक नाही, आणि मग पाहायला सुरुवात केली. आजारी बाळाच्या पाळण्याशी जमलेल्या आपण वडीलधाऱ्यांनीही तेवढे म्हणावे आणि त्या मायलेकरांना लवकरात लवकर डॉक्टरकडे घेऊन जावे.